हवालदारांचा पाइप आणि माझा एक परिच्छेद

तो परिच्छेद जेमतेम पाच ओळींचा होता. लिहून झाल्यावर मला तो इतका आवडला की मी तो मनाशी दोनदा वाचला. ज्यांच्या नावाने तो लिहिला, त्यांना मात्र मी तो एकदाही वाचून दाखविला नाही. पुढे जे लिहिणार आहे ते या एका चुकीविषयी आहे. आणि चूक हा शब्दही मी माझ्या सोयीसाठी वापरतो आहे, हे मला कळते.

नाशिकच्या सरकारी कचेऱ्यांसमोर एका पत्र्याच्या शेडखाली गेली अनेक वर्षे माझे टेबल आहे. मी अर्जनवीस आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले. तरीही चांगले पदवीधर लोक माझ्यासमोरच्या स्टुलावर बसून 'तुमच्याच भाषेत लिहा' असे म्हणतात, याचा मला अभिमान होता. आणि खोटे कशाला बोलू, अजूनही आहे. शेजारच्या टेबलांवर आता संगणक आले. मी आजही हाताने लिहितो, कारण माझे अक्षर कचेरीतल्या शिपायापासून साहेबापर्यंत सर्वजण ओळखतात. 'सदरहू', 'उपरोक्त', 'सहानुभूतिपूर्वक विचार व्हावा' हे शब्द कोणत्या ठिकाणी ठेवले असता वाचणाऱ्याची नजर थांबते, हे मला कोणी शिकविले नाही. ते मी स्वतः कमावले आहे.

आमच्या व्यवसायात एक रीत आहे. अर्ज पूर्ण झाला की तो अर्जदाराला मोठ्याने वाचून दाखवायचा आणि मगच त्याची सही घ्यायची. शेवटी तशी ओळही असते : 'मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे.' दुसरीही एक रीत आहे, ती मात्र कोठे लिहिलेली नसते. अर्जाला वजन यावे म्हणून त्यात आजार घालायचा. जमिनीच्या मोजणीसाठी आई अंथरुणाला खिळते. नळजोडणीसाठी पत्नीचा मणका सरकतो. मुलाच्या वसतिगृहासाठी बापाला अर्धांगवायूचा सौम्य झटका येऊन जातो. कचेरीतल्या लोकांनाही हे ठाऊक असते. त्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही, असे मी समजत होतो.

आमच्या वसाहतीत माझ्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक निवृत्त हवालदार राहतात. वय पासष्टच्या पुढे, पाठ ताठ, मिशी पांढरी. पलटणीच्या पाइप बँडमध्ये त्यांची सारी नोकरी गेली. लोकांनी बंदुकीच्या गोष्टी विचारल्या की ते म्हणत, "बंदूक सगळ्यांनाच होती. पाइप आम्हा थोड्यांनाच होता."

पाइप म्हणजे बॅगपाइप. वसाहतीतल्या जुन्या बाया त्याला 'पिशवीचा बाजा' म्हणतात. डाव्या काखेत कातड्याची थैली, खांद्यावर तीन उभ्या नळ्या आणि पुढे दोन्ही हातांच्या बोटांत छिद्रांची एक नळी, जिला ते चँटर म्हणतात. तोंडाने थैली भरायची, कोपराने दाबायची आणि स्वतः श्वास घेताना देखील सूर तुटू द्यायचा नाही. ते उभे राहिले आणि थैलीवर हाताचा एक फटका पडला की खांद्यावरच्या नळ्या आधी घोगऱ्या आवाजात जाग्या होत, जणू कोणी मोठे जनावर झोपेतून उठवावे. मग त्या तिघींचा सूर एक होई आणि त्यावर चँटर चढे. त्या वेळी आमच्या पत्र्यांवरचे कबुतर देखील जागचे हलत नसे. हे मी अर्जातल्यासारखे वाढवून सांगत नाही.

देवळालीच्या छावणीजवळचा आमचा भाग असल्याने निवृत्त सैनिक पुष्कळ. त्यांनी एका सुभेदारांच्या देखरेखीखाली स्वतःचा बँड उभा केला होता. सहा पाइप, चार ड्रम आणि एक मोठा ढोल. दर रविवारी सकाळी विहाराच्या अंगणात तालीम चाले. एप्रिलमधल्या जयंतीच्या मिरवणुकीत हा बँड सर्वांच्या पुढे असे. मागे डीजेच्या गाड्या असत, परंतु बँड वसाहतीच्या कमानीशी आला की तरुण मंडळी आपण होऊन त्यांचा आवाज बारीक करीत. त्या सहा पाइपांच्या मध्यभागी हवालदार असत, आणि बाकीचे पाच त्यांच्या खांद्याकडे पाहून सूर उचलीत.

ते लग्नात वाजवीत. एखादा जुना सैनिक गेला तर त्याच्या अंत्ययात्रेत वाजवीत. माझ्या नातीच्या बारशाला त्यांनी पाळण्याची चाल वाजविली. पाइप हळू वाजत नाही. त्याला एकच आवाज असतो आणि तो पलटणीला ऐकू जाईल इतका असतो. बायका म्हणाल्या, "अहो, पोरगी दचकंल." पोरगी गाढ झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझी सून भिंतीपलीकडे ओरडून म्हणाली, "हवालदारसाहेब, वाजवा थोडं, रडून राहिली ही!"

मी एकदा त्यांना विचारले की या वाद्याला सूर नऊच, मग आपल्या गाण्यात दहावा लागला तर काय करता.

"तो ऐकणाऱ्यानं मनात म्हणायचा, मुनशीजी," ते म्हणाले.

मुनशीजी ही पदवी त्यांनीच मला दिली होती. फौजेतल्या हिंदीची सवय. मला ती फार आवडे.

त्यांच्यापाशी मी देखील तीन महिने शिकलो. तालमीच्या बारीक चँटरवर माझी बोटे थोडीफार चालू लागली, तेव्हा त्यांनी खरा पाइप माझ्या काखेत दिला. मी फुंकले. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि बोकड अडकल्यासारखा एक आवाज निघाला. अंगणातली सर्व मंडळी हसली.

"मुनशीजी, गालानं नाय, पोटातनं," हवालदार म्हणाले. "जागेवर बसून बसून तुमचं पोट फक्त जेवायला उरलंय."

मी रागावलो नाही. दम ही त्यांची मालमत्ता होती. इतर लोक शेत दाखवितात, घर दाखवितात. ते श्वास दाखवीत. बर्फातल्या ठाण्यावर चँटरची रीड, म्हणजे सूर काढणारी वेताची बारीक पट्टी, गोठे, तेव्हा ती काढून खडीसाखरेसारखी गालात धरायची आणि पुन्हा लावून वाजवायचे, हे सांगताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा होई. एका हिवाळ्यात त्यांना न्यूमोनिया झाला, पाच दिवस दवाखान्यात ठेवले. घरी आल्यावर समोरच्या एका गृहस्थांनी सहज विचारले, "आता दम लागतो का हो?" हवालदार त्या गृहस्थांशी महिनाभर बोलले नाहीत. महिना संपताच त्यांनी त्या गृहस्थांच्या दारासमोर उभे राहून अर्धा तास पाइप वाजविला.

पुढच्या उन्हाळ्यात ते माझ्या टेबलावर आले. वसाहतीत नव्हे, शेडखाली, रीतसर, स्टुलावर.

त्यांची सून शिक्षिका. नोकरी नामपूरकडच्या एका शाळेत. ती तिकडे दोन लहान मुलांना घेऊन भाड्याच्या खोलीत राही. मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंत्राटी कामावर, शिफ्ट बदलती. त्यामुळे तो इकडे. हवालदारांच्या पत्नीचे निधन होऊन बरीच वर्षे झाली होती. सुनेने बदलीसाठी आपला अर्ज शाळेमार्फत केलेलाच होता. हवालदारांना मात्र वाटले की घरातील वडीलधाऱ्या माणसाने देखील साहेबांना एक निवेदन द्यावे.

"काय लिहायचे?" मी विचारले.

"जे हाय ते. सून तिकडं, पोरगा इकडं, लेकरं आईजवळ. मी इथं एकटा भाकऱ्या थापतो. पोरांना आजा फोनवर दिसतो. एवढंच. फौजेत होतो ते लिहा, नाय लिहिलं तरी चालंल."

मला ते फारच किरकोळ वाटले. अशी निवेदने साहेबाच्या टेबलावर रोज पडत असतील, मग माझ्या हातच्या निवेदनात वेगळे ते काय? 'जोडायला लागेल' असे सांगून मी त्यांच्याकडून दवाखान्याचा जुना कागद मागून घेतला. दुसऱ्या दिवशी निवेदन तयार केले. पहिले दोन परिच्छेद त्यांनी सांगितल्याप्रमाणे होते. तिसरा माझा होता :

'सदरहू निवेदक हे सैन्यसेवेतील अपार कष्टांमुळे व न्यूमोनियाच्या आघातामुळे फुफ्फुसांच्या असाध्य विकाराने जर्जर झालेले असून त्यांची श्वसनक्षमता कायमची नष्टप्राय झालेली आहे. चार पावले चालणेही त्यांना दुरापास्त असून, त्यांची अखेरची सेवाशुश्रूषा करण्यास उपरोक्त सुनेखेरीज अन्य कोणीही नाही.'

हवालदार आले. ते बसले नाहीत. हात मागे बांधून, पाय थोडे फाकवून उभे राहिले, जसे एखादा हुकूम ऐकताना उभे राहत असतील. मी वाचू लागलो. दुसरा परिच्छेद संपला आणि आवाजात यत्किंचितही फरक न करता मी चौथ्यावर गेलो. मला ठाऊक होते की तिसरा वाचला असता तर त्यांनी तो तिथेच कापायला लावला असता. मला तो कापू द्यायचा नव्हता. त्यांच्या भल्यासाठी, असे मी तेव्हा स्वतःला सांगितले. आज विचार करतो तेव्हा वाटते की मला माझी वाक्ये वाचवायची होती.

"बरोबर आहे?" मी विचारले.

"तुम्ही लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार," असे म्हणून त्यांनी सही केली. त्या सहीच्या वर माझ्याच अक्षरात होते : 'मजकूर वाचून दाखविला, तो बरोबर आहे.'

जूनमध्ये सुनेची बदली झाली. शाळा नाशिकरोडच्या पलीकडे, घरापासून अर्ध्या तासावर. मुले घरी आली. हवालदार ओट्यावर उभे राहून पाइप वाजवू लागले आणि दोन्ही नातवंडे त्यांच्या पायांभोवती गोल फिरत राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते सांगत, "मुनशीजींच्या कलमानं काम केलं." मी मान लववून तो मान स्वीकारीत असे. शेडखाली देखील मी ही हकीकत अनेकांना सांगितली.

जानेवारीत सुनेच्या नव्या शाळेने प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला हवालदारांना बोलाविले. तिनेच पुढाकार घेतला होता. ते गणवेशासारखे कपडे, छातीवर पदके आणि काखेत पाइप घेऊन गेले. मुलांच्या रांगांमधून वाजवीत त्यांनी मैदानाला तीन फेऱ्या घातल्या. एका शिक्षकाने त्याचा व्हिडिओ केला आणि तो शिक्षकांच्या मोबाइलवरून तालुक्यातालुक्यांत फिरला. तो व्हिडिओ त्याच शाळेची जागा मिळावी म्हणून वाट पाहत असलेल्या एका शिक्षकापर्यंत पोहोचला. त्याने कार्यालयात माहिती मागविली, आणि हवालदारांचे निवेदन त्याच्या हाती पडले. ज्या माणसाची श्वसनक्षमता नष्टप्राय झाली होती, तो माणूस व्हिडिओत मैदानाला फेऱ्या घालीत बॅगपाइप वाजवीत होता.

त्याने तक्रार केली आणि फेब्रुवारीत सुनेच्या नावे नोटीस आली. त्या संध्याकाळी सून माझ्या घरी आली. हातात नोटीस आणि निवेदनाची प्रत. मागोमाग हवालदार.

"काका, हे तुमचंच अक्षर आहे ना?"

मी होय म्हणालो.

"अण्णांची अखेरची सेवा? चार पावलं चालता येत नाहीत? परवा त्यांनी गव्हाचं पोतं एकट्यानं वर नेलं. तुमच्या घरच्या माणसाबद्दल असं लिहिलं असतंत तुम्ही?" तिचा आवाज चढला नाही, वर्गात बोलतात तसा तो एकसारखा राहिला, आणि त्यामुळे मला जास्त लागले. "माझा अर्ज मी केला होता. लहान मुलं आहेत एवढं लिहिलं होतं. खरं होतं ते."

मी तोंड उघडले. आमच्या व्यवसायात असे लिहावे लागते, असे काहीतरी मी म्हणणार होतो. त्याआधी हवालदार बोलले.

"त्यांना नको बोलू, बाई. त्यांनी मला सगळं वाचून दाखवलं होतं. सही मी केली. ऐकताना माझंच ध्यान नसंल. कानानं थोडं कमी ऐकू येतं आताशा."

त्यांच्या कानाला काहीही झालेले नव्हते. तीन नळ्यांपैकी कोणती केसभर उतरली आहे, ते रस्त्याच्या पलीकडून सांगत. ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत होते की जणू क्षमा त्यांनीच मागायची होती. त्या वेळी खरे बोलायला मला एकच वाक्य पुरले असते. मी चष्मा काढून पुसला.

चार दिवसांनी चौकशीसाठी शिक्षण खात्याचे एक विस्तार अधिकारी हवालदारांच्या घरी आले. हवालदारांनी मला सोबत बसायला बोलाविले होते, लिहिण्याचे काम पडलेच तर म्हणून. अधिकारी भला माणूस होता. चहा घेऊन त्याने निवेदन समोर ठेवले.

"बाबा, मला हे वाढवायचं नाही," तो म्हणाला. "खरं सांगू का, बदली मुलांच्या कारणावर झाली. हे निवेदन तेव्हा कोणी उघडूनही पाहिलं नसेल. पण आता तक्रार आली आहे. निवेदन खोटं निघालं तर खोटी माहिती देऊन बदली करून घेतली असं होईल. बाईंची बदली रद्द, वर शिस्तभंग. तेव्हा मला एवढंच सांगा, हे खरं आहे का?"

हे निवेदन कोणी उघडूनही पाहिले नसेल. माझ्या आयुष्यात माझ्या लेखनाविषयी इतके वाईट कोणी बोलले नव्हते, आणि तो माणूस तर धीर देण्यासाठी बोलत होता.

स्वयंपाकघराच्या दारात सून उभी होती. धाकटा नातू तिचा पदर धरून होता. हवालदारांनी एकदा तिकडे पाहिले.

"खरं हाय," ते म्हणाले. "लिहिलंय तसंच हाय."

"मग व्हिडिओ?"

"त्या दिवशी जिद्दीनं फुंकलं. पोरांचं मन राखायला. नंतर लय त्रास झाला. आता सोडलं वाजवायचं."

आणि ते खोकले. तो खोकला इतका खोटा होता की अधिकाऱ्याने मान खाली घालून कागद सारखे केले. ज्या माणसाला मी अंगणात श्वासाचा गर्व करताना पाहिले होते, तो माणूस परक्यासमोर खोटा खोकला काढीत होता आणि तो त्याला नीट जमत नव्हता. खोटे बोलण्याची सवय मला होती, त्यांना नव्हती. मी त्या खोलीत बसलो होतो. 'साहेब, हा मजकूर माझा आहे, यांना तो ठाऊकही नव्हता', हे म्हणायला वेळ होता. त्याने बदली वाचली असती की बुडाली असती, हे मला आजही सांगता येत नाही. परंतु मी गप्प बसलो ते त्या विचाराने नव्हे. शेडखाली सर्वांना कळेल की मी अर्जदाराला पुरते वाचून दाखवीत नाही, मग माझ्यासमोरच्या स्टुलावर कोण बसेल, हा विचार माझ्या मनात होता.

अधिकाऱ्याने लिहून घेतले की निवेदक आता वाद्य वाजवीत नाहीत. जाताना दारात थांबून तो हळूच म्हणाला, "बाबा, आता कुठे वाजवताना दिसू नका बरं का. माझाही कागद खोटा पडेल."

त्यानंतर भिंतीपलीकडून पाइप ऐकू आला नाही. कधी दुपारी खिडक्या लावून, टीव्ही मोठा करून, तालमीचा बारीक चँटर वाजे. त्याचा आवाज मधमाशी काचेवर आपटावी तसा येई. तो आला की मी घराबाहेर पडे.

एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक निघाली. बँड पुढे होता, पाइप पाच. हवालदार पांढरे कपडे घालून कडेने गर्दीतून चालत होते. सुभेदारांनी पाहिले आणि विचारले, "हवालदार, पाइप कुठे?"

"आज मोकळाच आलोय, साहेब."

कमान जवळ आली तेव्हा एका पाइपची एक नळी उतरली. मला ते तीन महिन्यांच्या शिक्षणाने देखील कळले; एक सूर दुसऱ्याला घासत होता. हवालदारांनी थोडा वेळ सोसले. मग ते रांगेत शिरले, त्या वाजविणाऱ्याच्या मागे राहून, चालता चालता, त्यांनी नळीचा वरचा भाग बोटभर सरकविला. घासणे थांबले. त्यांनी दुसरी नळी धरली. त्या दहा-बारा पावलांत त्यांचा चेहरा पुन्हा जुना झाला होता. तेवढ्यात समोरून कोणीतरी मोबाइल उंच केला. हवालदारांनी हात चटकन काढून घेतला, जसा चोरी करताना सापडल्यावर काढून घ्यावा, आणि ते गर्दीत मागे सरले.

माझ्या पुढे चालणाऱ्या एका ड्रमवाल्याने दुसऱ्याला म्हटले, "म्हाताऱ्याचा दम संपला वाटतं."

"संपणारच की. वय झालं."

हवालदार माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी ऐकले. त्यावर त्यांनी बोलण्यासारखे सर्व मी त्यांच्या नावाने आधीच लिहून ठेवले होते.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. त्यांनी पाइप पुसायला काढला होता. थैलीचे कातडे न वाजविल्याने ताठरले होते आणि हवालदार ते हाताने मळत होते.

"मी तो परिच्छेद तुम्हाला वाचून दाखविलाच नव्हता," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले नाहीत. "कोणता?"

"फुफ्फुसांचा. मी तो गाळून पुढे गेलो. तुमचे ध्यान होते. तुमच्या कानालाही काही झालेले नाही."

"का गाळला?"

"वाचला असता तर तुम्ही तो कापायला लावला असता."

"लावलाच असता." त्यांनी थैली उलटी करून दुसरी बाजू मळायला घेतली. मग म्हणाले, "सुनेसमोर मी म्हणालो, माझंच ध्यान नसंल. तवा तुम्ही तिथंच होता."

"होतो."

"साहेब आला तवापण."

"होतो."

"मी किती दिवस डोकं खाजवलं, मुनशीजी. मला वाटलं, आपलं आता वय झालं, कानावर पडलेलं डोक्यात राहत नाय. मी पोराला म्हणालो, मला एकदा डोक्याच्या डॉक्टरकडं ने." त्यांनी थैली खाली ठेवली. "जा आता तुम्ही."

मी दुरुस्तीचे निवेदन माझ्या नावाने द्यायला तयार आहे, असे मी म्हणालो. सर्व दोष माझ्यावर घेऊन. मजकूर मनात तयारही होता.

"लेकरांची शाळा सुरू हाय," ते म्हणाले. "तुम्ही आता काय बी लिहू नका."

पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. सून समोरून गेली तर मान वळवी. त्यांनी तिला सांगितले असावे, किंवा सांगितले नसले तरी तिला कळले असावे. मी शेडखाली बसत होतो, अर्ज लिहीत होतो. आता मात्र आजाराच्या जागी आलो की पेन थांबे. लोक म्हणत, "घाला की काहीतरी." मी काही जणांच्या अर्जात घातलेही. मी सुधारलो, असे लिहिणे माझ्या हातून होणार नाही.

मग एका सकाळी हवालदार शेडखाली आले. पाठीला पाइपची लांबट पेटी. ते स्टुलावर बसले आणि मला 'मुनशीजी' असे न म्हणता म्हणाले, "एक अर्ज लिहायचाय. सुभेदारसाहेबांना."

मी कोरा कागद घेतला.

"लिहा. माझा पाइप मी बँडच्या ताब्यात देतोय. बँडला सहावा पाइप पाहिजे, आणि पडून राहिला तर कातडं फाटतं. जो कोणी शिकंल त्याला द्यावा. माझं नाव यादीतनं कमी करावं."

मी लिहिले. "कारण लिहावे लागेल."

"घरगुती कारण. आणि त्याच्याखाली एक वाक्य लिहा. माझा दम शाबूत हाय."

माझा हात थांबला. मी त्यांना सांगितले की असे लेखी असणे धोक्याचे आहे. उद्या हा कागद कोणाच्या हाती लागला तर सुनेचे प्रकरण पुन्हा उघडेल. मी खरोखरच त्यांच्या काळजीने बोललो, निदान या वेळी.

"सुभेदारांच्या पेटीत राहील तो. ते कुणाला दाखवायचे नाय. पण मी गेल्यावर बँडवाल्यांपैकी कोणी म्हणालं, म्हाताऱ्याचा दम गेला म्हणून त्यानं पाइप सोडला, तर तो कागद त्यांनी काढावा. तेवढ्यासाठी पाहिजे. तुम्ही लिहिलेला एक कागद म्हणतो माझा दम गेलाय. दुसरा पण तुम्हीच लिहायचा. तुमच्याच अक्षरात."

मी लिहिले. 'माझा दम' एवढे झाल्यावर सवयीने माझे पेन 'आजमितीस पूर्णतः' या शब्दांकडे वळू लागले होते. हवालदारांनी कागदावर बोट ठेवले.

"सांगितलं तेवढंच."

'माझा दम शाबूत आहे.'

पाच-सहा वाक्यांचा अर्ज झाला. मी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचला. माझा आवाज दोनदा अडखळला, आणि शेजारच्या टेबलावरचे लोक पाहू लागले. हवालदार उभे राहून ऐकत होते, हात मागे, पाय फाकलेले. शेवटच्या वाक्याला त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले.

"बरोबर आहे?" मी विचारले.

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, स्वतः डोळ्यांजवळ धरून एकेका शब्दावर बोट फिरवीत वाचला. त्याला पुष्कळ वेळ लागला. मग सही केली, कागद घडी करून खिशात ठेवला आणि पेटी पाठीवर घेऊन ते सुभेदारांच्या घराच्या दिशेने निघाले.

शेडसमोर रस्ता ओलांडण्यासाठी एक पादचारी पूल आहे. त्याचे जिने उंच आहेत. तरुण माणसे देखील मधल्या टप्प्यावर कठड्याला टेकतात. मी पेन हातात धरून पाहत राहिलो. उन्हे चढली होती, पेटीचे ओझे होते, आणि हवालदार कठड्याला हात न लावता, एका लयीत, मध्ये कोठेही न थांबता वर चढून गेले.